आई, जरा हलू नकोस!

वेळ सकाळी साडेसातची. स्थळ कर्दे, तालुका दापोली. समोर समुद्र, मागे सुरूचं बन आणि मधे अस्मादिक. एका हातात पॅलेट, दुसऱ्या हातात ब्रश, दातांत आणखी एक ब्रश आणि डोळ्यांत वाळू. पंचवीस फुटांवर, पाण्याच्या अलीकडे, आमच्या मातोश्री उभ्या. हातात स्वतःच्या चपला. दर दीड मिनिटाने एकच प्रश्न, लाटांच्या वर आवाज चढवून : 'झालं का गं?'

तर मंडळी, हा माझा पहिला ऑइल पेंटिंगचा वीकएण्ड.

सुरुवात अर्थातच पुण्यातल्या शनिवार-रविवारच्या बॅचपासून झाली. आपल्या जमातीत हल्ली प्रत्येकाला काहीतरी 'हॉबी' लागते. कुणी साल्सा करतं, कुणी ट्रेकला जातं, कुणी घरी पाव भाजून त्याचे फोटो टाकतं. मी तैलरंग घेतले. चार महिने बाटल्या, कांदे आणि एक बिचारं पितळी तांब्या-भांडं रंगवून झाल्यावर मी सरांना म्हटलं, 'सर, आता समुद्र.' सर म्हणाले, 'नुसता समुद्र सगळेच काढतात. त्यात माणूस उभा करून दाखव.'

त्यात काय एवढं? मोबाइलमधला जुना फोटो काढला, समुद्र रंगवला, त्यावर माणूस रंगवला. समुद्र बरा झाला. माणूस मात्र कुणीतरी वरून चिकटवलेल्या स्टिकरसारखा. सरांनी चित्र दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, 'फोटो बंद. किनाऱ्यावर जा. आणि ज्याला ओळखतेस असं माणूस ने.'

मैत्रिणी ओळखीच्या आहेत, पण दहा मिनिटांच्या वर गप्प उभी राहील अशी एकही नाही. मग उरली आई. घरच्या माणसालाच मॉडेल करायची परंपरा तशी जुनी आणि खानदानी आहे. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं समईच्या उजेडातल्या तरुणीचं ते प्रसिद्ध जलरंगातलं चित्र, मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, आठवतंय? त्यात उभी आहे ती त्यांची लेक गीता. तिथे बापाने लेकीला उभं केलं, इथे लेकीने आईला. मानधन दोघींचंही शून्य.

सामानसुमान

आधी थोडी व्यवहाराची बात. किनाऱ्यावर तैलरंग न्यायचे म्हणजे मिनी बिऱ्हाड. १२ बाय १६ इंचांचे दोन कॅनव्हास, घडीचं ईझल, घडीचं स्टूल, हॉग हेअरचे चार ब्रश, पॅलेट नाइफ, जवसाचं तेल, घट्ट झाकणाच्या बरणीत टर्पेंटाइन आणि भरपूर चिंध्या. रंगांचं अख्खं दुकान उचलायची गरज नाही. पांढरा, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, सेरुलियन, एक लाल आणि एक लेमन यलो, एवढ्यात कोकण येतं.

ही मजा शक्य झाली ती एका छोट्या शोधामुळे. १८४१मध्ये जॉन गॉफ रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने रंगासाठी धातूच्या दाबायच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी चित्रकार तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. ती एकदा टोचून उघडली की बोंबला, परत नीट बंद होत नसे. ट्यूब आली आणि चित्रकार बिनधास्त घराबाहेर पडले.

त्यातलाच एक क्लोद मोने. १८७०च्या उन्हाळ्यात तो फ्रान्समधल्या त्रूव्हिलच्या किनाऱ्यावर होता. जूनमध्येच कामीयशी लग्न झालेलं, थोड्याच दिवसांत फ्रान्स-प्रशिया युद्ध सुरू होणार होतं. तिथे त्याने कामीयला छत्री देऊन खुर्चीत बसवलं आणि जेमतेम ३८ बाय ४६ सेंटिमीटरचं एक चित्र भराभर रंगवलं. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि त्याच्या रंगात त्या किनाऱ्याच्या वाळूचे कण अजून अडकलेले आहेत. हे वाचल्यापासून माझ्या पॅलेटवरच्या वाळूबद्दल मला जरासुद्धा वाईट वाटत नाही.

उजेडाचा फंडा

आता मुख्य फंडा. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. म्हणजे संध्याकाळी सूर्य समुद्रावर, तुमच्या समोर. माणूस समुद्राच्या बाजूला उभा केला की त्याची नुसती काळी आकृती दिसणार. कॅलेंडरला छान, पण तुमची आई त्यात कुणाचीही आई असू शकते. माणूस दिसायला हवा असेल तर सकाळी उठायचं. जानेवारीत सूर्य आग्नेयेला उगवतो. समुद्राकडे तोंड करून बसलात की तो तुमच्या डाव्या खांद्याच्या मागून येतो, आणि झाडांच्या वर चढला की माणसाच्या अंगावर मस्त तिरकं ऊन पडतं.

स्पेनचा होआकीन सोरोया याचा बादशहा. पण त्याचं व्हॅलेन्सिया पूर्वेच्या किनाऱ्यावर. तिथे संध्याकाळचं ऊन जमिनीच्या बाजूने येतं, जे आपल्याकडे सकाळी येतं. म्हणजे सोरोयाची संध्याकाळ बघायची तर कर्द्याला साडेसहाचा गजर लावावा लागतो. रविवारी गजर! पण ठीक आहे.

दुसरी गोष्ट, ओली वाळू. ती म्हणजे धड न पुसलेला आरसा. तिच्यावर माणसाच्या दोन गोष्टी पडतात, सावली आणि प्रतिबिंब. माझ्या पहिल्या, स्टिकरवाल्या चित्रात मी दोन्ही एकच समजले होते. सावली सूर्याच्या उलट दिशेला जाते. प्रतिबिंब मात्र पायांपासून सरळ तुमच्याकडे खाली येतं, सूर्य कुठेही असो. आणि सावली काळी नसते. तिथे ऊन पोचत नाही, पण आभाळ पोचतं, म्हणून ती निळसर, जांभळट दिसते. पांढऱ्या फेसाचंही तेच. पांढरा रंग फक्त उन्हातल्या फेसाला. लाटेच्या सावलीतला फेस निळा-राखाडी.

आईने पहिल्या सकाळी मोरपंखी ड्रेस घातला होता. समुद्रासमोर मोरपंखी म्हणजे आई गायब. 'दुसरं काही आणलंयस?' मी विचारलं. 'मी काय फॅशन शोला आलेय?' म्हणत ती खोलीवर गेली आणि अबोली रंगाचा ड्रेस घालून आली. निळ्यासमोर अबोली! सही! समुद्र एकदम जास्त निळा दिसायला लागला.

क्षितिज कुठे असतं?

हा प्रश्न मी ऑफिसच्या मुलाखतीत विचारला असता तर दहातले नऊ जण नापास झाले असते. क्षितिज बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. तुम्ही उभे राहिलात की ते तुमच्याबरोबर उभं राहतं, तुम्ही बसलात की बसतं. सपाट वाळूवर तुमच्याच उंचीची शंभर माणसं कितीही लांब उभी असोत, त्यांच्या डोळ्यांतूनच ती रेघ जाणार.

मी पाच फूट पाच, आई पाच फूट. त्यात ती उतारावर, माझ्यापेक्षा फूटभर खाली. मी उभी होते तेव्हा क्षितिज तिच्या डोक्याच्याही बरंच वर होतं आणि ती पाण्यात बुडाल्यासारखी दिसत होती. मग मी स्टूल उघडून बसले आणि काय सांगू! क्षितिज सर्रकन तिच्या गळ्यापाशी उतरलं, डोकं आभाळात गेलं. आई एकदम भारदस्त. एखाद्या दीपगृहासारखी. मी खूश. त्या सकाळी दीड तास मी तिथेच बसून होते.

पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, नुसत्या मोठ्या आकारांचा. तेल नंतरच्या थरात वाढवत न्यायचं, कारण खाली तेलकट आणि वर कोरडा थर दिला तर वरचा आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि चित्राला भेगा पडतात. आभाळ, पाणी, वाळू, सगळं झकास बसलं. मग आई. उंची साडेसहा-सात डोक्यांची, म्हणजे पाच इंची आकृतीला डोकं पाऊण इंच. हेही जमलं.

पण आई पडत होती.

म्हणजे चित्रात. रंग बरोबर, उंची बरोबर, सावली बरोबर, आणि तरी बाई एका बाजूला कलंडतेय. मी पाय पुसले, परत काढले. कंबर पुसली, परत काढली. शेवटी दुपारी सरांना फोटो पाठवला. उत्तर एका ओळीचं : 'वजन कुठल्या पायावर आहे? गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोड.'

ओळंबा

ओळंबा म्हणजे गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधतो, तो. रविवारी सकाळी मी खोलीची किल्ली दोऱ्याला बांधली आणि एक डोळा मिटून धरली समोर. माणूस दोन्ही पायांवर सारखा उभा असेल तर गळ्याच्या खळगीतून सोडलेली रेघ दोन पावलांच्या मधे पडते. एका पायावर भार असेल तर ती त्या पायाच्या टाचेपाशी जाते. माझ्या चित्रात मी आईला दोन्ही पायांवर नीट उभं केलं होतं, शाळेच्या प्रार्थनेला करतात तसं. खरी आई तशी उभीच नव्हती. रेघ थेट डाव्या टाचेवर. उजवा पाय नुसता टेकवलेला.

'आई, जरा सरळ उभी राहा ना.'

ती सरळ झाली. मी पॅलेटकडे बघून वर बघितलं तर परत डाव्या पायावर.

'बरं, आता थोडा वेळ उजव्या पायावर भार दे.'

'डावाच बरा दिसतो.'

'आणि त्या चपला खाली ठेव. हात मोकळे हवेत.'

'राहू दे गं. परत वाकायला नको.'

मी ब्रश रंगात बुडवला आणि तसाच धरून राहिले. परत वाकायला नको? माझी आई, जी ऐंशी सालच्या पाट्यावर अजून चटणी वाटते, ती?

पाट्यावरून आठवलं, पाटा दिवाळीपासून माळ्यावर होता. देवघर जमिनीवरून उचलून भिंतीतल्या शेल्फवर गेलं होतं, 'साफसफाईला सोपं' म्हणून. मी मैत्रिणींना कौतुकाने सांगितलं होतं, आमची आई इंटिरियर बदलतेय. जिन्यावरून उतरताना ती मला म्हणायची, 'तू हो पुढे, मी कुलूप बघते.' मी पुढे व्हायचे. रोज.

आणि दोन दिवस मी घडीच्या स्टूलवर बसून तिला उभं करून ठेवलं होतं. का? तर क्षितिज गळ्यापाशी छान दिसतं म्हणून!

पॅलेट खाली ठेवून मी तिच्यापाशी गेले.

'उजवा गुडघा?'

'हं.'

'कधीपासून?'

'गणपतीपासून असेल.'

'आणि सांगितलं नाहीस?'

'सांगितलं असतं तर काय केलं असतंस? गुडघ्याच्या व्यायामाची लिंक पाठवली असतीस.'

यावर मला उत्तर सुचलं नाही, कारण मी खरंच तेच केलं असतं. आणि वर हार्टवालं चिन्हही.

ती मात्र शांत. 'अगं, एवढं काही नाही. उभं राहिलं की दुखतं, चाललं की जरा बरं वाटतं, परत बसून उठलं की दुखतं. तुझं चित्र राहील म्हणून बोलले नाही.' चित्र राहील म्हणून! चार महिने कांदे रंगवणाऱ्या मुलीचं चित्र!

बैठक बदलली

मी स्टूल तिला दिलं. ओल्या वाळूत पाय रुततात म्हणून तिच्या खाली चपला सरकवल्या. दुसरा कोरा कॅनव्हास लावला. आता मी उभी आणि ती बसलेली. क्षितिज कुठल्या कुठे वर गेलं. मग मी त्याचा नादच सोडला. चित्रात आभाळ नाही, रेघ नाही, वरपासून खालपर्यंत फक्त पाणी आणि वाळू, आणि मधे अबोली रंगाची आई.

ही आयडिया माझी नाही. सोरोयाने १९०९मध्ये बायको क्लोतिल्दे आणि थोरली लेक मारिया यांना पांढऱ्या कपड्यांत व्हॅलेन्सियाच्या किनाऱ्यावरून चालताना रंगवलं. साधारण दोन मीटर बाय दोन मीटरचं चित्र, आणि त्यात क्षितिज नाही, आभाळाचा तुकडा नाही. तरी वारा जाणवतो. माझ्या चित्रात वारा नव्हता, तो फक्त ईझल पाडायला आला. चित्र पालथं पडलं नाही, एवढीच दर्याची कृपा. थोडी वाळू चिकटली. मोने झिंदाबाद.

बाकीही एक गोष्ट कळली. आदल्या दिवशी याच वेळी पाणी जिथे होतं तिथे आज नव्हतं, कारण भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. ऊन तेच, पाणी वेगळं. म्हणून लाटेची जागा पहिल्या पाच मिनिटांत ठरवायची आणि मग समुद्राने कितीही मोह घातला तरी बदलायची नाही.

पाऊण तास आई बोलत होती आणि मी रंगवत होते. गणपतीत रांगेत उभं राहून गुडघा कसा धरला, मावशीच्या ओळखीतल्या तेलाने काय झालं, शेजारच्या काकूंनी कुठला पट्टा दिला. म्हणजे अख्ख्या सोसायटीला माहीत होतं! मी सोडून.

एक शाळकरी मुलगा बराच वेळ मागे उभा राहून बघत होता. शेवटी त्याला राहवेना. 'ताई, ह्यांचं तोंड नाय काढलंत?'

पाऊण इंचाच्या डोक्यात नाक-डोळे काढायला गेलं की बाहुली होते. मोनेच्या चित्रातही कामीयचा चेहरा म्हणजे दोन-चार फटकारेच आहेत. ओळख पटते ती मान कशी आहे, खांदे कसे आहेत, भार कुठे आहे यावरून. हे सगळं मी त्याला समजावणार, तेवढ्यात आई म्हणाली, 'तोंड काढलं तर मी बोलतच बसेन ना.' तो हसत पळाला.

निघताना सगळं आवरलं. टर्पेंटाइन वाळूत ओतायचं नाही, बरणीत घरी न्यायचं. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून गाडीत कोंबायचा नाही, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा पेट घेऊ शकतो. ओले कॅनव्हास समोरासमोर ठेवून चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे. आईला पुढच्या सीटवर, सीट मागे सरकवून. ताम्हिणीपर्यंत तीन वेळा थांबलो. पाय मोकळे करायला. यावेळी मी आधी विचारलं.

पुण्यात दुसऱ्याच आठवड्यात डॉक्टर, एक्स-रे वगैरे. गुडघ्याची झीज आहे, पण सुरुवातीची. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, मांडी घालून बसणं बंद, वजन थोडं कमी. ऑपरेशनचं नाव सध्या नाही. मी रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून व्यायाम मोजते. लिंक पाठवत नाही.

चित्रं सरांनी बघितली. 'पहिल्यातला समुद्र चांगला आहे, दुसऱ्यातली बाई चांगली आहे,' म्हणाले. मला वाटलं आई दुसरं लावायला सांगेल. तिने दोन्ही सोफ्यावर उभी करून बघितली आणि पहिल्याकडे बोट दाखवलं.

'हे लाव. उभी असलेली. दुसऱ्यात म्हातारी दिसते मी.'

'अगं, पण त्यात तू पडतेयस.'

'मग नीट कर.'

नीट केलं. फार काही लागलं नाही. डावी टाच अर्धा इंच सरकवून गळ्याच्या खाली आणली आणि उजव्या पायावरचा भार काढून घेतला. आई उभी राहिली.

आता वार्निशसाठी साधारण सहा महिने थांबायचं, रंग आतून वाळायला तेवढा वेळ लागतो. आईने कालनिर्णयवर त्या तारखेला गोल करून ठेवलाय. त्याच्या अलीकडच्या प्रत्येक सोमवारी मी फिजिओची वेळ लिहिलीये.